कानामागची खूण

१

सापळ्याचं दार धाडकन उघडायचं नसतं. आधी तो हातात घेऊन आतल्या वजनाचा अंदाज घ्यायचा, मग झडप जराशी वर करून फटीला डोळा लावायचा. आत बसलेल्या जिवाचा सगळा उजेड त्या क्षणी जातो आणि त्या जागी एक भलामोठा डोळा येतो. मग “झालं हं, झालंच” असं पुटपुटत त्याला कापडी पिशवीत उतरवायचं, तोलायचं, नर की मादी ते बघायचं आणि बारक्या कात्रीने एका ठरलेल्या जागचे केस कातरायचे. कुणाचे खांद्यावरचे, कुणाचे शेपटीच्या मुळाशी. ही त्याची खूण, पुन्हा सापडला तर ओळखू यावा म्हणून. केस वाढले की खूण जाते आणि तो आमच्या लेखी पुन्हा परका होतो. शेवटी, जिथे धरला तिथेच सोडायचा. इकडे नाही, तिकडे नाही. त्याचं घर तिथे असतं.

हे माझं काम. सापळा म्हणजे पत्र्याची लांबट पेटी. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला केळं आणि शेंगदाण्याचा लगदा, ऊब राहावी म्हणून थोडा कापूस. आमिषापर्यंत जाताना वाटेतली पट्टी पायाखाली दबते आणि मागे दार लागतं. सापडलेला प्राणी सकाळपर्यंत खाऊनपिऊन मस्त झोपलेला असतो. माझ्या हाताखाली एकही दगावलेला नाही, आणि हे मी मिरवते.

त्या मोसमात आम्ही पामतेलाच्या मळ्यात होतो. नजर जाईल तिथवर एकसारखी झाडं, शाळेतल्या मुलांसारखी रांगेत उभी. एके काळी तिथे सलग जंगल होतं, आता त्याचे तीन तुकडे उरले होते. थोरलं रान, मधलं रान आणि धाकटं रान. कुठल्या तुकड्यात सस्तन प्राण्यांच्या किती जाती तगून आहेत, एवढंच मला सांगायचं होतं. बारक्यांसाठी सापळे, मोठ्यांसाठी झाडांना बांधलेले कॅमेरे. धाकटं रान एवढंसं की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जावं. ते तोडायचं हे मालकांनी मनाशी ठरवलंच होतं, फक्त माझ्या अहवालाची वाट होती.

सोबत माझा धाकटा भाऊ होता. घरात त्याला सगळे ठोंब्या म्हणतात, कारण लहानपणी हाक मारल्यावर तो उठायचाच नाही. त्याची बायको वारली आणि तेव्हापासून तो खरोखरच कुठल्याच हाकेला उठेनासा झाला. ताट पुढे ठेवलं तर बघत बसायचा. निघताना आई मला दारात म्हणाली, “तुझ्या उंदरांसारखं यालाही जरा खायला घाल. आणि जसा होता तसा मला परत आणून दे.”

मी म्हटलं, “आणते.” त्या मोसमातलं माझं खरं काम तेच होतं.

२

आम्हाला राहायला मळ्याचं घर मिळालं, धाकट्या रानाला अगदी खेटून. एकच लांब खोली, पुढच्या भिंतीला दार आणि एक बारकी खिडकी, मागच्या टोकाला चूल. मागच्या भिंतीत छपराखाली हवेसाठी आडवी फट होती, तिच्यातून रानाचा हिरवा उजेड आत यायचा. जमिनीला लाकडी फळ्या. आम्ही गेलो तेव्हा दोन जाड, नव्या कापसाच्या गाद्या घातलेल्या होत्या आणि चुलीजवळच्या फळीवर पिकल्या केळ्यांचा घड होता. व्यवस्थापकांनी एवढी काळजी घ्यावी याचं मला फार कौतुक वाटलं.

व्यवस्थापक साठीकडे झुकलेले, अदबीने बोलणारे गृहस्थ. कधी आत यायचे नाहीत. आठवड्याचं सामान अंगणात उतरवायचे आणि तिथूनच हाक मारायचे.

“आत या की, चहा टाकते.”

“नको हो. पायांना चिखल आहे.”

चिखल नसतानाही त्यांच्या पायांना चिखल असायचा.

घर झकास होतं. एकच खोड होती. चुलीकडे जाताना एका फळीवर पाय पडला की ती किंचित दबायची, आणि मागे दार आपोआप लागायचं. कुरकुर नाही, धडधड नाही. ठोंब्याने दाराला दगड लावला आणि आम्ही ते विसरून गेलो. सकाळी दगड बाजूला झालेला असायचा. मी ठोंब्याला बोलायचे, ठोंब्या मला बोलायचा.

केळी मात्र कधी संपली नाहीत. “आमिषाची केळी खोलीत आणू नकोस, मुंग्या होतात,” असं मी त्याला किती वेळा बजावलं. तो म्हणायचा, “ताई, मी कुठे आणतोय? मला वाटलं तूच आणतेस.” चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणायचे आणि एक केळं सोलायचे. गोड होती, कधी लागली नाहीत इतकी.

आणि ठोंब्या जेवायला लागला होता. मग केळी कोण आणतं याची उठाठेव कोण करत बसणार?

३

मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात तसं धाकट्या रानाचं निघालं. आमचा शास्त्रातला साधा हिशेब असा की जेवढं रान मोठं, तेवढ्या जाती जास्त. थोरल्या रानात आमचे सापळे बऱ्यापैकी भरायचे. मधल्यात कमी. आणि धाकट्यात, जिथे चार उंदीर सापडले तरी पुष्कळ असं मी धरून चालले होते, तिथे एकही सापळा रिकामा नसायचा. मखमली पाठीचे उंदीर, सोंडेएवढ्या नाकाच्या चिचुंद्र्या, पोटाशी पिलं बिलगलेली झाडउंदरीण. कॅमेऱ्यात उदमांजर, साळिंदर, खवल्या मांजर, आणि एका फोटोत सशाएवढं ठिपकेदार हरीण, पिसोरी, माझ्याकडे बघत एक पाय उचलून उभी. त्या फोटोपुढे मी रडले. ही जात या मुलखातून गेली असं आम्ही पुस्तकांत लिहून मोकळे झालो होतो, आणि ती इथे चारही बाजूंनी पामने वेढलेल्या रुमालाएवढ्या रानात अंगाने भरलेली, तकतकीत. मला त्या रानाचा अभिमान वाटायला लागला, जणू मीच ते वाढवलं होतं.

पहिली चुकीची गोष्ट दिसली ती एका उंदराच्या कानामागे. पहिल्यांदाच सापडलेला, म्हणजे माझ्या खुणेविना असायला हवा. पण डाव्या कानामागे केस कातरलेले होते. मसुराच्या डाळीएवढी जागा, गोल, स्वच्छ.

“ठोंब्या, तू कात्री लावलीस का याला?”

“मला उंदीर धरता येतो का ताई?”

ते खरंच होतं. खरूज असेल म्हटलं. पण खरजेत कातडी सोलते, आणि इथे प्रत्येक केस एकाच उंचीवर कापलेला होता. मारामारीत उपटले असतील म्हटलं, पण तिथे ओरखडाही नव्हता. माझ्याआधी कुणी संशोधक येऊन गेला असेल म्हटलं. व्यवस्थापक म्हणाले, “इथे कुणी आलेलं नाही. आलं असतं तर मला कळलं असतं.” म्हणताना ते स्वतःचा डावा कान चोळत होते.

मग मी बघायलाच लागले. धाकट्या रानातला प्रत्येक उंदीर, प्रत्येक चिचुंद्री, सगळ्यांच्या डाव्या कानामागे तेच. कॅमेऱ्यातले फोटो मोठे करून पाहिले. उदमांजराच्या कानामागे होतं. पिसोरीच्याही होतं. पिसोरी पान हललं तरी पळते. नुसती हातात धरली तर भीतीनेच मरते, म्हणून आम्ही तिला कधी धरत नाही. तिला कुणीतरी धरली होती, कातरली होती आणि जिवंत सोडली होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याआधी, खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. इतका हलका हात माझा नाही.

४

थोरल्या रानात मी एका म्हाताऱ्या उंदराला उजव्या खांद्यावर खूण केली होती. त्याचा एक दात तुटलेला होता, त्यामुळे चूक व्हायचा प्रश्न नव्हता. तो मला धाकट्या रानात सापडला.

ही जात उघड्यावर पाऊल टाकत नाही. साधी पायवाट ओलांडत नाही, आणि मध्ये पामचा मळा होता, खडीचा रस्ता होता, पाण्याचा चर होता. तो चालत आला नव्हता. त्याच आठवड्यात थोरल्या रानाची एक कड मळ्याच्या यंत्रांनी साफ केली होती, नेमकी त्याच्या बिळाची. तो आता धाकट्या रानात होता, आणि त्याच्या डाव्या कानामागे ताजी खूण होती.

मी त्याला तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. ज्याचं रान गेलं त्याला उचलून कुणीतरी इथे आणत होतं. एकेक करून, वर्षानुवर्षं. म्हणून एवढ्याशा रानात एवढी दाटी, आणि तरी कुणी कुणाला मारत नव्हतं, कुणी उपाशी नव्हतं. वाह, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानंतर अंगावर काटा आला.

उंदराला मी तिथेच सोडला. माझ्या नोंदीप्रमाणे ती त्याची जागा नव्हती, पण त्याला सोडायला दुसरी जागाच उरली नव्हती.

५

ठोंब्याचे केस लहानपणापासून मीच कापते. न्हाव्यापुढे तो भोकाड पसरायचा म्हणून आईने हे काम माझ्यावर टाकलं, ते कायमचंच. दुपारी अंगणात त्याला चादर गुंडाळून स्टुलावर बसवलं. तो गुणगुणत होता. किती दिवसांनी मी त्याचं गुणगुणणं ऐकत होते. गाल भरले होते, मान भरली होती. आई बघेल तेव्हा काय म्हणेल या विचारानेच मला हसू येत होतं.

डावा कान दुमडला आणि माझी कात्री थांबली.

मसुराच्या डाळीएवढी जागा. गोल. त्यावर खुरटे केस पुन्हा उगवायला लागलेले, म्हणजे खूण जुनी होती. आम्ही आलो त्या दिवसांतली.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“तुझ्या कानामागे...”

“हां, ते. तुझ्यापण आहे, ताई. मला वाटलं तुला माहीत आहे.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या रानाचे कान मी तपासले होते. मी हात वर नेला. बोटाला ती जागा लगेच सापडली, जणू बोटालाच ती आधीपासून ठाऊक होती. मी घराकडे पाहिलं. लांबट खोली. एका टोकाला दार. दुसऱ्या टोकाला केळी. वाटेत दबणारी फळी. नवा, उबदार कापूस.

सापळ्यांत हयात घालवलेल्या बाईला ते दिसलं नव्हतं. उंदराला तरी का दिसावं?

“आपण निघायचं,” मी म्हणाले. “उद्याच.”

तो चादरीवरचे केस झटकत बसला.

“ताई, तू चिडू नकोस. पण मला इथे बरं वाटतं. ती गेल्यापासून मी कुणाच्याच मोजणीत नव्हतो. सगळे म्हणायचे, खा, ऊठ, बाहेर पड. पण मी आहे की नाही, हे कुणी बघत नव्हतं. इथे रोज कुणीतरी बघतं. आहे ना, म्हणून.”

मला फार लागलं ते. मी बघत नव्हते? इतक्या लांब त्याला कशाला आणला होता? पण भांडायची ती वेळ नव्हती. काही प्राणी सापळ्याला चटावतात, हे मला माहीत आहे. दार लागणार हे ठाऊक असून रोज येतात. आम्ही त्यांना हसतो.

“आईने तुला परत मागितलंय,” मी म्हटलं.

“येतो ना. तू म्हणतेस तर येतो.”

६

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही सामान गाडीत भरलं. व्यवस्थापक निरोप द्यायला आले आणि नेहमीसारखे अंगणात उभे राहिले. त्या दिवशी मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. कोरडे ठणठणीत होते.

“तुम्हीपण इथे राहिला होतात ना?” मी विचारलं.

“तरुणपणी. थोडे दिवस.” त्यांची नजर दारावर होती. “दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, बाई. तसा त्रास काही झाला नाही हो. उलट... पण आत नाही जात मी.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार होतो?” ते म्हणाले.

ठोंब्या गाडीत बसला होता. एकाएकी उतरला. “चहाचं भांडं राहिलं.”

“राहू दे.”

“आईचं आहे ते. तिला सांग मी नीट जेवतो म्हणून.”

“तूच सांग की.”

“हो, तेही आहे,” तो हसून म्हणाला आणि आत गेला.

दाराला दगड होता. मी स्वतः लावला होता. तरी दार लागलं, अगदी हळू, माझ्या सगळ्यात चांगल्या सापळ्यासारखं.

धावत जाऊन मी ढकललं. हललं नाही. ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडले नाही, कारण सापळ्यापाशी आवाज करायचा नसतो. आतला जीव घाबरतो. इतक्या वर्षांची सवय अशा वेळी उपयोगी पडते की घात करते, कोण जाणे. मी खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं.

ठोंब्या चुलीपाशी फळ्यांवर मांडी घालून बसला होता, पाठ माझ्याकडे, भांडं मांडीवर. मागच्या फटीतून रानाचा हिरवा उजेड त्याच्यावर पडला होता. मग तो उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विझत गेला. ढग आल्यासारखा नाही. कुणीतरी वाकल्यासारखा. अख्खी फट भरली, आणि त्या अंधारात काहीतरी ओलं चमकलं, सावकाश मिटलं, पुन्हा उघडलं.

मी काचेपासून मागे होऊन वर, छपरापलीकडे पाहिलं असतं तर सगळं दिसलं असतं. मी पाहिलं नाही. सापळ्यातून मान उचलून माझ्याकडे नीट बघणारा उंदीर मला अजून भेटलेला नाही.

आवाज मात्र ऐकला. खोल, हळुवार, जमिनीतून पायाच्या तळव्यांना कळणारा. शब्द नव्हते त्यात, पण चाल माझी होती. झालं हं, झालंच.

ठोंब्याने डोक्याची डावी बाजू जरा पुढे केली, लहानपणी माझ्यापुढे करायचा तशी.

मग उजेड परत आला आणि दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. भांडं जमिनीवर नीट ठेवलेलं होतं, त्याच्या शेजारी कातरलेल्या केसांची चिमूट होती. फळीवर केळी होती.

७

आम्ही त्याला शोधलं. मळ्यातली माणसं हातात हात धरून धाकट्या रानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालली, पुन्हा पुन्हा. पोलीस आले, कुत्री आली. कुत्री कडेलाच बसली आणि शेपट्या हलवत राहिली. एवढ्याशा रानात माणूस हरवतच नाही, असं सगळे म्हणत होते, आणि ते बरोबरच होतं. तो हरवलेला नव्हता.

कॅमेऱ्यांत तो येतो. पिसोरी येते, उदमांजर येतं, आणि मधूनच ठोंब्या, भर उजेडात, हात मागे बांधून, जेवणानंतर शतपावली करावी तसा. तब्येत उत्तम. एका फोटोत त्याच्या मागे पिसोरी उभी आहे आणि पळत नाहीये. मी तो फोटो कितीदा पाहिला असेल. भीती वाटते आणि डोळे भरतात. इतका सुंदर फोटो माझ्या कॅमेऱ्याने कधी काढला नव्हता.

कॅमेऱ्यांत मजूर येतात, आम्ही स्वतः येतो. माणसांचे फोटो अहवालातून गाळायचे असतात. या वेळी मी गाळले नाहीत. धाकट्या रानातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींत एकीची भर घातली आणि खाली लिहिलं, हे रान तोडू नये. व्यवस्थापकांनी मालकांपुढे माझ्या बाजूने इतकं भांडण केलं की सगळे चकित झाले. रान राहिलं.

आईला मी सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. फोटो खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत राहिली.

“अंगाने भरलाय,” ती म्हणाली.

“हो.”

“जेवतो?”

“जेवतो, आई.”

मी त्याला परत आणला नाही, हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. हल्ली ती माझ्याशीही कमीच बोलते. घर मोठं आहे, माणसं दोनच, आणि मी बहुतेक वेळ बाहेरगावी. माझ्या कानामागचे केस आता पूर्ण वाढलेत. मी चहा पिताना, फोनवर बोलताना ती जागा चाचपत असते. तिथे काहीच लागत नाही, आणि मला चुकल्यासारखं होतं.

पुढच्या मोसमाचं काम मी मागून घेतलं. बॅग भरत होते तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. तिने केस विंचरून घट्ट अंबाडा बांधला होता, दोन्ही कान मोकळे.

“मीपण येते,” ती म्हणाली. “तिथे खोल्या किती आहेत?”

“एकच.”

“पुरे झाली.” तिने माझ्या बॅगेत डोकावून पाहिलं. “वाटेत केळी घ्यायची का? त्याला आवडतात.”

“नको,” मी म्हटलं. “तिथे असतात.”